तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ऑनलाइन टाकलं, तर पोरं वर्गात कशाला येतील?

स्टाफरूममध्ये, पेपर तपासणीच्या टेबलावर, परवा तर नात्यातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत हाच प्रश्न आला. "मॅडम, तुम्ही सगळं त्या मूडलवर टाकता म्हणे. मग पोरं वर्गात कशाला येतील?" (मूडल म्हणजे नोट्स, चाचण्या, चर्चा ऑनलाइन ठेवायची शिक्षकांसाठीची एक संगणक-प्रणाली.) विचारणाऱ्यांना पोरांची काळजी असते, म्हणून मी दर वेळी काहीतरी उत्तर देते. पण पंगतीत उत्तर अर्धवटच राहतं. आज नीट लिहिते.

मी सोलापुरात बी.कॉम.च्या मुलांना बिझनेस स्टॅटिस्टिक्स शिकवते. आमचं कॉलेज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहे. तास सकाळी साडेसातचा. शहराच्या पूर्व भागातल्या बऱ्याच मुलामुलींच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरी कन्नड. मोहोळकडची पोरं पहाटे उठून एसटी धरतात. शाळेत मराठी माध्यमातून ज्यांनी 'मध्यक', म्हणजे क्रमानं लावलेल्या आकड्यांतला मधला, शिकलेला असतो, ती इथं 'मीडियन' हा शब्द ऐकून गप्प बसतात. आपल्याला हे येतं, हेच त्यांना कळत नाही. "समजलं का?" असं मी विचारलं की साठ माना हलतात. त्या मानांवर मी बरीच वर्षं विश्वास ठेवला.

तुमची भीती खरी आहे, हे आधी सांगते, कारण ती मी भोगली आहे. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा मी घरी भिंतीला फळा टेकवून पाऊण-पाऊण तासाचे व्हिडिओ केले. कॉलेज पुन्हा भरलं तरी सवय सुटली नाही. नोट्स, पीपीटी, सोडवलेली उदाहरणं, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं वर चढवत गेले. हजेरी घसरली. मुलांचं काय चुकलं? जे फळ्यावर होणार तेच फोनमध्ये आहे, तर पहाटेची एसटी कोण धरेल? आणि फोनमधलंही ती बघत नव्हती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम गर्दी व्हायची. मी मूडलचं गोदाम करून ठेवलं होतं. माल भरलेला, उचल नाही.

तेव्हापासून मी टाकणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण ते कसं चालतं ते दाखवल्याशिवाय पटणार नाही.

दर सोमवारी मी तीन प्रश्न टाकते. तीनच. रात्री दहाला ते बंद होतात. मंगळवारी पहाटे चहा घेताना मी कोणी कोणता पर्याय निवडला ते बघते आणि साडेसातला वर्गात जाते. चुकीचे पर्याय तयार करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागं एक चुकीची वाट असावी लागते, म्हणजे मूल कुठं वळलं ते आकड्यावरूनच कळतं.

एक प्रश्न दाखवते. एका यंत्रमाग कारखान्यातल्या सहा जणांची एका दिवसाची कमाई, आकडे कल्पित: ४५०, ३०००, ४२०, ४००, ४६०, ४३०. तीन हजारवाला मालक. मीडियन किती? ज्यानं सगळ्यांची बेरीज करून सहानं भागलं त्याचं उत्तर ८६० येतं. त्याचा मीन (सरासरी) आणि मीडियनमध्ये घोळ आहे. ज्यानं आकडे चढत्या क्रमानं लावून फक्त तिसरा उचलला त्याचं ४३०. सम संख्या असली की मधले दोन घ्यायचे, हे तो विसरला. बरोबर उत्तर ४४०. आणि ज्यानं आकडे क्रमानं लावलेच नाहीत, दिले तसेच घेऊन मधल्या दोनांची सरासरी काढली, त्याचं ४१०.

त्या सोमवारी जवळजवळ निम्म्या वर्गानं ४१० निवडलं होतं. इतकी वर्षं मी मीडियन शिकवताना सूत्रावर जोर देत आले होते, आणि अडत होतं ते सूत्राच्या आधीच्या पायरीवर. मला ते ठाऊकच नव्हतं, कारण फळ्यावर उदाहरण घालताना मी स्वतःच आकडे सवयीनं चढत्या क्रमानं लिहायची! मंगळवारी वर्गात गेले आणि काही न बोलता फळ्यावर मोठ्ठा ४१० लिहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माझं हेच आलंय." मग दुसरा, मग चार जण. एरवी चूक कबूल करायला कोणी हात वर करत नाही, पण आपल्यासारखे निम्मे आहेत हे दिसलं की लाज उरत नाही. सहा पोरांना पुढं बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एकेक आकडा दिला आणि म्हटलं, लावा रांग. दहा मिनिटांत तो विषय संपला, आणि त्या वर्षी पुन्हा तो मला काढावा लागला नाही.

व्हिडिओपेक्षा मी प्रश्नांवर का भर देते, त्याला माझ्या अनुभवाखेरीजही आधार आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आपली पोरं रात्रभर वाचतात आणि "सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही" म्हणून रडतात, ते खोटं नसतं. माझे सोमवारचे तीन प्रश्न म्हणजे दर आठवड्याला थोडं आठवून बघणं. त्याला मी गुण देते ते सोडवल्याबद्दल, बरोबर आल्याबद्दल नाही.

"मग व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरत असतील की!" फिरायची. मूडलमध्ये एका प्रकारच्या प्रश्नात दर विद्यार्थ्याला वेगळे आकडे जातात. रीत तीच, उत्तर मात्र ज्याचं त्याचं. काही दिवस तो वापरला. पण चुकल्यावर काही कापलं जात नाही हे एकदा पटलं, तेव्हा उत्तरं फिरणं आपसूक कमी झालं. कुलुपापेक्षा याचाच उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

नेटचं विचाराल तर, गावाकडं रेंज जाते-येते आणि घरात फोन एक असतो. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये चाचणी आधी उतरवून घेऊन नेट नसताना सोडवता येते, मात्र शिक्षकानं तशी परवानगी द्यावी लागते. त्यासाठी वेळेची मर्यादा सोडावी लागते आणि उत्तर तिथल्या तिथं कळत नाही. मी दोन्ही सोडलं. माझी पोरं कॉलेजच्या वायफायवर प्रश्न उतरवतात, एसटीत सोडवतात, रेंज आली की पाठवतात. मूडल २००२मध्ये सुरू करणारे मार्टिन डूगियामास यांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत गेलं. त्यांची शाळा रेडिओवर भरायची. हे वाचलं तेव्हा मला मोहोळच्या एसटीतली माझी पोरं आठवली. मूडल मोफत आहे, पण ते चालवायला सर्व्हर लागतो आणि त्याच्याकडं बघणारं माणूस लागतं. आमच्याकडं एक तरुण सहकारी ते काम मनापासून करतात. ज्यांच्याकडं असं कोणी नाही त्यांनी गूगल क्लासरूम आणि गूगल फॉर्मवर सुरुवात करावी. तीन प्रश्नांना तेवढं पुष्कळ झालं.

या साधनांनी माझ्याकडून एक चूकही करवली. मूडलमध्ये कोणी काय कधी उघडलं याची नोंद राहते. एका मुलाच्या नावापुढं महिनाभर काहीच दिसेना. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, "तुला शिकायचंय की नाही?" तो खाली बघत उभा राहिला. दोन दिवसांनी त्याच्या मित्रानं सांगितलं, "मॅडम, त्याचा फोन बंद पडलाय. तो माझ्याच फोनवर वाचतो, आम्ही दोघं बरोबर बसतो." त्याचं सगळं वाचणं मित्राच्या नावावर जमा होत होतं. मी वर्गात, सगळ्यांसमोरच, त्याची माफी मागितली. आता ती नोंद मी बघते ती 'याला काही अडचण आहे का' हे विचारण्यासाठी. उघडलं म्हणजे वाचलं नव्हे, आणि न उघडलं म्हणजे टाळलं नव्हे. आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या आठवड्यात, मी प्रश्नच टाकत नाही. त्या दिवसांत सोलापूरच्या पोरांनी गड्ड्यावरच, म्हणजे जत्रेतच, असावं.

स्वयम हे केंद्र सरकारचं मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे, यूट्यूब आहे, मग वर्ग हवाच कशाला, असंही काही जण म्हणतात. स्वयम २०१७मध्ये सुरू झालं आणि तिथल्या अभ्यासक्रमांचे क्रेडिट पदवीत धरता येतात. मी माझ्या मुलांना तिथं पाठवते. देशातल्या चांगल्या शिक्षकांचं व्याख्यान फुकट मिळत असेल तर का सोडायचं? पण माझ्या वर्गात ४१० कोणी लिहिलं, हे त्या व्याख्यानाला कळायचा मार्ग नाही.

आता त्या मुलीचं सांगते. ती पूर्व भागातली, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मूडलमधल्या चर्चेत एक सोय आहे: आपलं उत्तर लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. त्यामुळं हुशार मुलाचं वाचून "मलाही असंच वाटतं" म्हणायची वाट बंद होते. ४१०च्या त्या आठवड्यात मी विचारलं होतं, 'या कारखान्यात साधारण किती मिळतं, हे बाहेरच्या माणसाला सांगताना ८६० सांगाल की ४४०? का?' रात्री भावाचा फोन हातात आल्यावर तिनं लिहिलं, "मॅडम, ४४० तर कुणालाच मिळत नाहीत. मग नसलेला पगार मधला कसा?"

दुसऱ्या दिवशी नाव न घेता मी ते वर्गात वाचलं. एक जण म्हणाला, ८६० तरी कुणाला मिळतात? मग आम्ही मोजलं. ८६०च्या खाली पाच जण, वर एकटा मालक. ४४०च्या खाली तिघं, वर तिघं. ४४० ही कमाईच नव्हे, ती माणसांच्या मधून जाणारी रेघ आहे. हे वाक्य माझं नाही, वर्गातून आलेलं आहे. तास सुटल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली. "तो प्रश्न माझा होता," म्हणाली. आणि मग, "आईला रोज ठरलेला पगार नाही. हजार विड्यांमागं मजुरी मिळते. तिचा मीडियन काढता येईल का?"

मी म्हटलं, महिनाभर रोजचा आकडा लिही. तिनं एका जुन्या वहीत तीस दिवस लिहिले. वही बघितली तर चार दिवसांपुढं शून्य. त्या दिवशी विड्यांसाठी तेंदूपत्ता मिळाला नव्हता, किंवा घरात आजारपण होतं. तिच्या आईची परवानगी घेऊन, नाव न देता, ते तीस आकडे मी पुढच्या सोमवारी प्रश्नात घातले. 'ही शून्यं धरायची की गाळायची? कारण लिहा.'

मंगळवारी साडेसातला निम्मा वर्ग म्हणत होता, काम झालं नाही ते दिवस मोजायचे कशाला. उरलेले म्हणत होते, काम झालं नाही म्हणून त्या दिवशी पोट थांबतं काय? पहिल्यांदाच ती मुलगी उभी राहून बोलली. दोन्ही मीडियन फळ्यावर लिहून झाले, घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन थांबले, तरी कोणता आकडा खरा यावर एकमत झालं नव्हतं. बुधवारी माझा तास नव्हता. गुरुवारी मी पोचायच्या आधीच पोरं वर्गात बसून तेच भांडत होती.