जुना लेथ आणि महिनाभर काळे हात

छोटा जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) घरी आणला तेव्हा चक, म्हणजे तुकडा पकडून फिरणारा भाग, हाताने फिरतच नव्हता, मला वाटलं बेअरिंग गेलं, पण खोलून बघितलं तर जुनं ग्रीस वाळून अगदी लाखेसारखं कडक झालेलं. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून ब्रशने घासलं आणि सुटलं एकदाचं.

गंजलेले छोटे पार्ट गंज सुटावा म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टला लावले. पार्ट मायनसला, प्लसला साधं भंगार लोखंड. स्टेनलेस अजिबात लावू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं.

खरा वैताग कॅरेजचा, म्हणजे कापायचं हत्यार घेऊन बेडवर (मशीनच्या लांब पायावर) सरकणाऱ्या भागाचा. चकजवळ कॅरेज ढिली लागत होती म्हणून जिबचे (ढिलेपणा काढायच्या पट्टीचे) स्क्रू आवळले, तर टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाकडे) नेताना मधेच जाम! मग डोक्यात प्रकाश पडला, काम सगळं चकजवळच होतं ना, त्यामुळे बेड तिथेच झिजलेला, टेलस्टॉककडचा भाग जवळपास कोरा. शेवटी जिब मधल्या जागेला अॅडजस्ट केली, चकजवळ किंचित ढिलं राहतं, राहू दे. बेड ग्राइंड करायला द्या असं सगळे सांगतात पण छोट्या कामांना एवढं कोण करतं?

बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलली की हँडल आधी थोडं रिकामंच फिरणं, अजून आहेच. हँडल उलटं जरा जास्त फिरवायचं आणि मग पुढे आणून आकड्यावर थांबायचं, सवय होते. काल पितळेचा तुकडा लावला, छिलका छान सलग... नाही, पितळेचा तो भुगाच पडतो, पण फिनिश मस्त आलं.