अभिलेखपालाचे घर

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून माझे बहुतेक काम दवाखान्यातल्या खोलीतच चालते. वस्तुसंचयाचा विकार असलेल्या, म्हणजे वस्तू टाकून देणे न जमणाऱ्या रुग्णांना मात्र शक्य तेव्हा त्यांच्या घरीच भेटावे लागते, कारण खुर्चीत बसून ही माणसे आपल्या घराचे जे वर्णन करतात त्यात खोटे काही नसले, तरी बरेच काही सुटलेले असते. ज्या गृहस्थांविषयी मी लिहिते आहे, ते दवाखान्यात म्हणाले होते, ‘‘थोडे कागद जास्त झाले आहेत, एवढेच.’’ त्यांचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी येथे देत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ती म्हणजे त्यांनी एका मोठ्या कार्यालयात आयुष्यभर अभिलेखपालाची नोकरी केली होती. कोणती फाइल किती वर्षे जपायची आणि कधी नष्ट करायची, हाच त्यांचा व्यवसाय होता.

घराचे दार अर्धेच उघडत होते. आत वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून छातीइतक्या उंचीपर्यंत रचलेले होते आणि त्यांच्यामधून एका वेळी एकच माणूस, तोही अंग चोरून, जाऊ शकेल एवढी वाट होती. पलंगाचा निम्मा भाग रिकाम्या खोक्यांनी अडवला होता. शेगडीच्या अगदी शेजारी पिशव्यांचा ढीग होता. असे घर पाहताना मी आधी तीन गोष्टी तपासते : आग लागण्याचा धोका कुठे आहे, पाय अडखळून पडण्याची शक्यता कुठे आहे आणि अंधारात पलंगापासून दारापर्यंत पोहोचता येईल का. बाकी सारे नंतर.

त्यांचा मुलगा आधीच येऊन थांबला होता. दुसऱ्या दिवशी मालवाहू गाडी आणि चार मजूर आणून सगळे एकदाच उपसून टाकायचे, असे त्याने ठरवले होते, आणि मी वडिलांना त्यासाठी राजी करावे अशी त्याची अपेक्षा होती. त्याचा वैताग मला समजत होता. पण माणसाच्या संमतीवाचून घर रिकामे केले, तर त्याला होणारा मानसिक आघात मोठा असतो, पुढच्या उपचारांवरचा विश्वास उडतो आणि सवय जागच्या जागी राहिल्यामुळे घर बहुधा पुन्हा भरते. मी त्याला गाडी रद्द करायला सांगितले. तो गप्प बसला, पण पटले असे काही दिसले नाही.

पसाऱ्याची तीव्रता मोजण्यासाठी आम्ही छायाचित्रांचा एक संच वापरतो. एकाच खोलीची नऊ छायाचित्रे असतात. पहिल्यात खोली नीटनेटकी असते आणि नवव्यात ती छतापर्यंत भरलेली. साधारणपणे चौथ्या चित्रापासून पुढे पसारा चिंतेचा मानला जातो. आपल्या बैठकीच्या खोलीसाठी काकांनी, म्हणजे या गृहस्थांनी, तिसरे चित्र निवडले, तर मुलाने आठवे. माझ्या मते ती सहाव्याच्या आसपास होती. इतकी तफावत नवलाची नाही. रोज त्याच वाटेने चालणाऱ्याला ढीग दिसेनासे होतात, आणि संतापलेल्या माणसाला ते आहेत त्याहून उंच दिसतात.

‘‘बाबा पहिल्यापासून चिकट आहेत,’’ असे मुलगा म्हणाला. हा आरोप मी फार घरांत ऐकला आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत या विकाराला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तोवर तो मंत्रचळाचाच एक प्रकार समजला जाई. वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकून देणे कठीण जाते आणि टाकण्याच्या विचारानेच जीव कासावीस होतो, हे त्याचे मुख्य लक्षण. सुरुवात अनेकदा अकरा ते पंधरा या वयातच होते आणि वयानुसार ही सवय तीव्र होत जाते. घरात दुसरे कोणी आवरणारे असेपर्यंत ती झाकून राहते. काकांच्या बाबतीत पत्नीच्या निधनानंतर ती उघडी पडली.

त्यानंतर आम्ही प्रत्यक्ष कामाला बसलो. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम मी काटेकोरपणे पाळते. त्यांनी स्वतःच एक लहान खोके निवडले. त्यातून पहिली निघाली ती कधीच मोडीत गेलेल्या पंख्याची पावती. ती ठेवावी की टाकावी, यावर काका इतका वेळ बोलत राहिले की मुलगा उठून बाहेर गेला. पंखा कोणत्या उन्हाळ्यात घेतला, दुकानदार कसा बोलला, मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब कसा लिहिता येईल, पुढेमागे कोणी पुरावा मागितला तर काय, असे एकेक कारण निघत गेले आणि त्यातले एकही मूर्खपणाचे नव्हते. अखेर पावती खोक्यात परत गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

तेव्हा मी माझ्या पिशवीतला कागदांचा जुडगा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात जाहिराती, जुनी निमंत्रणे, देयके, बैठकांच्या सूचना असे सगळे एकत्र होते. ‘‘काका, एवढे लावून देता?’’ असे विचारताच त्यांनी चष्मा पुसला आणि पत्ते वाटावेत तशा वेगाने तीन गठ्ठे केले. टाकायचा गठ्ठा सर्वांत मोठा होता. एका देयकावर बोट ठेवून, हे अजून भरलेले दिसत नाही, असेही त्यांनी मला सुनावले. त्यांची निर्णयशक्ती शाबूत होती. ती फक्त माझ्या कागदांवर चालत होती.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात नेमके हेच आढळले होते. या विकाराच्या रुग्णांना दुसऱ्यांचे कागद नष्ट करायचे की ठेवायचे हे ठरवायला सांगितले, तेव्हा निर्णय आणि महत्त्व यांच्याशी संबंधित मेंदूच्या दोन भागांत इतरांपेक्षा कमी हालचाल दिसली. कागद स्वतःचे असताना मात्र त्याच भागांत ती अतिरेकी होती. अभ्यास मला ठाऊक होता. पण एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून त्याच्या दोन्ही बाजू मी त्या दिवशी पाहिल्या.

मी त्यांना विचारले की कार्यालयात हजारो फाइली नष्ट करताना त्यांना कधी असे अडखळायला झाले का. ते लगेच म्हणाले, ‘‘तिथे मी कुठे ठरवत होतो? मुदत वरिष्ठांनी घातलेली असे. मी फक्त तारीख पाहायचो.’’

ते ऐकून पुढचे काम मी बदलले. वस्तू टाकण्याचे नियम आधीच ठरवून ठेवणे हा या विकारावरील उपचारपद्धतीचा भाग आहेच; येथे ते नियम जतनाच्या मुदतींच्या भाषेत मांडता येणार होते. मी कोरा कागद दिला आणि त्यांनी रेघा मारून तक्ता आखला : वर्तमानपत्र, पावत्या, खोकी, पिशव्या, झाकण नसलेले डबे. प्रत्येकापुढे किती काळ ठेवायचे ते त्यांनीच भरले. वर्तमानपत्रांसाठी आधी दहा वर्षे लिहिली, मग बराच वेळ थांबून ती खोडून एक वर्ष केली. पत्नीच्या पत्रांपुढचा रकाना त्यांनी रिकामा सोडला. मी त्याबद्दल विचारले नाही. पत्रे एका पेटीत मावत होती आणि त्यांच्यामुळे कोणाची वाट अडत नव्हती. पंख्याच्या पावतीला त्यांनी नव्या तक्त्यानुसार पुन्हा बाहेर काढले, तारीख पाहिली आणि टाकायच्या पिशवीत ठेवली. चेहरा उतरलेला होता, तरी हात मागे घेतला नाही.

निघताना शेगडीजवळचा ढीग हलवण्याची परवानगी त्यांनी दिली. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला त्या दिवशी तेवढेच हवे होते. मुलगा दाराबाहेर थांबला होता. उपचार पूर्ण झाल्यावर घर आपल्या मित्रांच्या घरांसारखे होईल का, असे त्याने विचारले. बहुधा नाही, असे मी सांगितले. अशा उपचारांना कित्येक महिने लागतात, अनेकांचा पसारा लक्षणीय कमी होतो, पण तो पूर्णपणे नाहीसा होणारे थोडेच असतात. पलंगावर झोपता आले, शेगडी निर्धास्तपणे पेटवता आली आणि दार पूर्ण उघडले, तर मी उपचार यशस्वी झाले असे समजेन. त्याने थोडा वेळ विचार केला, खिशातून मोबाइल काढला आणि गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितले.