नवे कादंबरीकार, नोंद सहावी: सारामागो सुटला एकदाचा

दोनदा पन्नास पानांच्या आत आपटलेला पोर्तुगीज कादंबरीकार जोझे सारामागो तिसऱ्या खेपेला शेवटापर्यंत गेला. पुस्तक तेच, 'ब्लाइंडनेस' (मूळ पोर्तुगीज, १९९५), अनुवादही तोच, जोव्हानी पोंतिएरोंचा इंग्रजी. बदलली ती फक्त वाचायची पद्धत.

घोळ अवतरणचिन्हांचा. हा गडी ती वापरतच नाही. दोघांचं बोलणं एकाच वाक्यात, मध्ये नुसता स्वल्पविराम. बोलणारा बदलल्याची खूण एकच: त्या स्वल्पविरामानंतरचं कॅपिटल अक्षर. देवनागरीवर पोसलेला डोळा नेमका इथेच दगा देतो. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे कॅपिटल दिसतं पण टोचत नाही. डॉक्टरचं वाक्य बायकोच्या तोंडी जातं आणि तीन ओळींनी कशाचा कशाला मेळ राहत नाही.

उपाय: पहिली दहा पानं पेन्सिल हातात. स्वल्पविरामानंतर कॅपिटल आलं की आधी तिरकी रेघ. मग तीच पानं मोठ्याने, रेघेपाशी आवाज बदलून. विशेषनामांची कॅपिटलं आड येत नाहीत, कारण पात्रांना नावंच नाहीत: डॉक्टर, डॉक्टरची बायको, काळ्या चष्म्याची मुलगी, तिरळा मुलगा. फसवतो तो 'आय'. इंग्रजीत तो कायमच कॅपिटल, तेव्हा तिथे रेघ मारण्याआधी वाक्य कानाने तपासायचं. दहा पानांनंतर पेन्सिल आपोआप खाली राहते. ई-रीडर या कामाला कुचकामी. त्याच्यावर रेघा मारण्यापेक्षा पुस्तक हाताने उतरवून काढणं सोपं. शिवाय ई-पुस्तकाच्या मोफत नमुन्याच्या भरवशावर लेखक निवडू नका. जाड प्रस्तावना असली की नमुना तिच्यातच संपतो.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर मात्र फसला. चूक त्याची नाही, निवडीची. 'द साउंड अँड द फ्यूरी'ने (१९२९) सुरुवात म्हणजे पोहायला शिकायचं आणि उडी थेट डोहात. पहिला भाग बेंजी या मतिमंद निवेदकाचा, तारीख ७ एप्रिल १९२८, पण मन सतत मागे-पुढे. तिरकी अक्षरं काळ बदलल्याची खूण देतात, दर वेळी नाही. त्यात क्वेंटिन नावाची माणसं दोन, एक मामा, एक भाची.

आधी ठरलं होतं की फॉकनर वाचायच्या यादीतून काढायचा. पण हे लिहितानाच लक्षात आलं, काळ ओळखायची किल्ली बेंजीला सांभाळणाऱ्या मुलांत आहे. व्हर्श दिसला की बालपण, टी.पी. दिसला की त्यानंतरची वर्षं, लस्टर म्हणजे १९२८. तीन रंगांच्या चिकटपट्ट्या पुरतील.

तर बेत बदलला. आधी 'ॲज आय ले डाइंग' (१९३०): ५९ तुकडे, १५ निवेदक, पण प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं नाव छापलेलं. ते पचलं की पट्ट्या घेऊन परत बेंजी. हंगेरियन कादंबरीकार क्रास्नाहोरकाईचं 'सातानतांगो', अख्खं प्रकरण एकाच परिच्छेदात, तोवर थांबेल.