१०२४ वर अडलेली बिले

गेल्या महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून दुपारी फोन आला. "सर, बिलंच निघंनाती की ओ, गाडी भरून उभी हाय." तिथला बिलिंगचा सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: ‘टू मेनी ओपन फाइल्स’. एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, एका वेळी जितक्या फाइल उघड्या ठेवण्याची मुभा असते, तितक्या उघडून झाल्या होत्या.

लिमिट्स डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये बिलिंगच्या युजरसाठी नोफाइलची, म्हणजे उघड्या फाइलींच्या संख्येची, सॉफ्ट (प्रत्यक्ष लागू असलेली) आणि हार्ड (सॉफ्ट जिथवर वाढवता येते ती) अशा दोन्ही मर्यादा मी ६५५३६ केल्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. बिले निघू लागली, गाडी गेली, आणि काम झाले असे मी धरून चाललो. चौथ्या दिवशी तोच फोन पुन्हा आला.

त्या युजरच्या नावाने लॉगिन करून ही मर्यादा दाखवणारी ‘युलिमिट -एन’ ही कमांड दिली, तर उत्तर ६५५३६ असेच येत होते. मग प्रॉकमध्ये, म्हणजे लिनक्स चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवते तिथे, त्या प्रोसेसच्या नंबरची डिरेक्टरी उघडून तिथली लिमिट्स नावाची फाइल वाचली. ‘मॅक्स ओपन फाइल्स’समोर सॉफ्ट १०२४ आणि हार्ड ५२४२८८ असे आकडे होते, माझा ६५५३६ कुठेच नव्हता.

मर्यादा प्रत्येक प्रोसेसला तिच्या जन्मदात्या प्रोसेसकडून वारशाने मिळते. लिमिट्स डॉट कॉन्फ वाचण्याचे काम पॅम या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेचे एक मॉड्यूल लॉगिनच्या वेळी करते, त्यामुळे तिथला आकडा मी कमांड देत होतो त्या शेलला मिळाला. परंतु बिलिंगची सर्व्हिस सिस्टिमडी हा सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम थेट सुरू करतो, आणि युनिट फाइलमध्ये, म्हणजे त्या सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, मुद्दाम सांगितल्याशिवाय ती पॅमच्या वाटेने जातच नाही. सॉफ्ट मर्यादा १०२४ इतकी कमी ठेवण्यामागेही कारण आहे: जुने प्रोग्राम वापरतात त्या ‘सिलेक्ट’ कॉलला १०२३ च्या पुढचे फाइल-क्रमांक हाताळता येत नाहीत. ज्या प्रोग्रामला जास्त हवे, त्याने हार्ड मर्यादेपर्यंत स्वतः वर जावे, अशी ही योजना आहे. हार्ड मर्यादा मात्र साधा युजर फक्त कमी करू शकतो. वाढवण्याचा अधिकार रूटकडे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरकडे, असतो.

त्या दिवशीही गाडी उभी होती, म्हणून सर्व्हिस न थांबवता ‘पीआरलिमिट’ या कमांडने चालू प्रोसेसचीच सॉफ्ट मर्यादा ८१९२ केली आणि बिले लगेच निघाली. संध्याकाळी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने युनिटमध्ये ‘लिमिटनोफाइल’ची ओळ घालून सर्व्हिस रीस्टार्ट केली.

पण रीस्टार्ट करण्याआधी त्याच प्रॉकमधली एफडी डिरेक्टरी, म्हणजे प्रोसेसने उघड्या ठेवलेल्या फाइलींची यादी, मोजली, हे फार बरे झाले. हजाराहून अधिक नोंदी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच फाइलकडे बोट दाखवत होत्या: बिलाच्या माथ्यावर छापला जाणारा कारखान्याचा लोगो. प्रत्येक बिलाला प्रोग्राम तो उघडत होता आणि बंद करायचे विसरत होता. पहिल्या वेळी बिले निघाली, तीही रीस्टार्टने या उघड्या फाइली बंद झाल्या म्हणून. नुसती मर्यादा ६५५३६ केली असती, तर हीच बिले काही महिन्यांनी, कदाचित ऐन गड्ड्याच्या यात्रेत, अडली असती आणि तोवर कारण शोधणे अधिक अवघड झाले असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती यादी जशीच्या तशी पाठवली. त्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करून दिली. आता दिवसभर बिले निघाल्यावरही एफडीमधल्या नोंदी चाळिसाच्या आसपास राहतात.