विहिरीतला दोर आणि मागावरची गाठ

मागच्या उन्हाळ्यात मोहोळकडच्या आमच्या शेतात विहिरीतली मोटर वर काढत होतो, निम्म्यात आली आणि दोर सुटला, मोटर धाडकन खाली. खाली कुणी उतरलं नव्हतं म्हणून बरं, अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो. दोर तुटलेला नव्हता ओ, जोड निसटला होता. एक दोर जाड सुंभाचा, दुसरा बारीक नायलॉनचा, आणि दोन्ही साध्या निरगाठीने बांधलेले, पुडक्याला बांधतो तसं. पुडक्याला ती गाठ चालते कारण आतल्या वस्तूवर टेकून घट्ट बसते. दोन दोर जोडायला मात्र कधीच वापरू नका, त्यात जाडी वेगवेगळी असली तर अजिबात नाही, ताण आला की ती उलटते आणि घसरते.

मग बरोबर गाठ कुठली? ती मला सोलापुरातच सापडली. पूर्व भागात आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सगळं आयुष्य मागावर गेलं त्यांचं. ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा धागा तुटला की ते दोन बोटांत जी गाठ मारायचे ती डोळ्याला दिसायची पण नाही. त्यांना दोराचं सांगितलं तर म्हणाले, "अरे, हीच मार की, फक्त मोठी." खरंच, विणकऱ्याची गाठ आणि जहाजावरचे लोक जिला शीट बेंड म्हणतात ती, दोन्हींची रचना एकच आहे. मागावर ती बारीक राहते म्हणून फणीतून, म्हणजे उभे धागे ज्या दातांमधून जातात त्यातून, अडकल्याशिवाय निघते.

करायची कशी, तर जाड दोराचं टोक दुमडायचं. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढायचा, दोन्ही पदरांच्या मागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खालून काढायचा, दुमडीत परत घालायचा नाही. दोन्ही मोकळी टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत. नायलॉन गुळगुळीत असतो, तिथं एक फेरा जास्त द्या.

पण गाठ कुठलीही मारा, दोर तिथं वाकतो आणि त्याची ताकद बरीच कमी होते, काही गाठींत तर निम्म्यावर येते. म्हणून कायमचा जोड हवा असेल आणि दोन्ही दोर सारख्या जाडीचे, तीन पेडांचे असतील तर पेडच एकमेकांत गुंफावेत, मला तर हेच सगळ्यात आवडतं. दोन्ही टोकांचा पीळ वीतभर सोडवायचा, पेड एकमेकांच्या मधे बसवून दोन्ही दोर जवळ आणायचे आणि मधे सुतळीने तात्पुरतं बांधायचं. मग एकेक पेड पिळाच्या उलट दिशेने, समोरच्या एका पेडावरून आणि पुढच्याच्या खालून. जागा करायला जाड दाभण घ्या. तिन्ही पेड एकदा गेले की एक फेरी झाली. सुंभाला दोन्हीकडून तीन-तीन फेऱ्या पुरतात, नायलॉनला पाच तरी हव्यात. असा सांधा नीट बसला की दोराची बहुतेक ताकद शाबूत राहते. फक्त तिथं दोर फुगतो, त्यामुळे कप्पीतून जाणाऱ्या दोराला हे चालत नाही, त्याला लांब सांधा घालतात, त्यात जाडी जवळपास तेवढीच राहते पण दोर भरपूर खर्ची पडतो.

झाल्यावर सांधा पायाखाली घेऊन लाटायचा म्हणजे पेड बसतात. उरलेली टोकं लगेच कापू नका, आधी वजन लावून दोर चांगला ताणून घ्या, टोकं थोडी आत सरकतात, मग कापा.