१९६९ चे मेट्स, तारखेबरहुकूम

१९६९ आणि २०२५ या दोन वर्षांची कॅलेंडरं वारासकट जुळतात. ८ एप्रिल तेव्हाही मंगळवारी आला होता आणि २०२५ मध्येही. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा तो गाजलेला हंगाम ८ एप्रिललाच सुरू झाला, म्हणून मी हेच वर्ष धरलं. नेम साधा होता: ज्या तारखेला सामना झाला, त्याच तारखेला रात्रीची आवराआवर झाली की तो कागदावर पहिल्या चेंडूपासून लिहून काढायचा. पुढच्या तारखेचं पान उघडायचं नाही.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. फ्लशिंगच्या गणपतीला जाताना ७ नंबरची ट्रेन मेट्सच्या मैदानावरून जाते. जुनं शे स्टेडियम २००९ मध्ये पाडलं, पण नव्या मैदानाच्या पार्किंगमध्ये जुन्या बेसच्या जागा खुणा करून जपल्या आहेत. गाड्यांच्या मधोमध होम प्लेटच्या खुणेवर उभी राहिले तेव्हाच वाटलं होतं की इथे काय घडलं ते नीट, क्रमाने कळायला हवं.

बहुतेक सामन्यांचं चित्रण किंवा ध्वनिमुद्रण मिळत नाही. मिळतो तो रेट्रोशीट या स्वयंसेवकांच्या संस्थेने जमवलेला एकेका फलंदाजाचा तपशील. त्यावरून मी कोऱ्या स्कोअरकार्डवर पेन्सिलीने सामना उतरवायचे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, असं उजव्या कोपऱ्यातल्या क्षेत्ररक्षकापर्यंत ९. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपने (६) चेंडू अडवून दुसऱ्या बेसवाल्याकडे (४) आणि त्याने पहिल्या बेसवर (३) फेकून दोघांना बाद केलं, की चौकटीत ६-४-३. हात बसायला एप्रिल गेला. मेमध्ये बाबा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून आले. उमेदीत त्यांनी तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांची स्कोअरबुकं लिहिली होती, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ते रोज जेवताना विचारायचे, "काय गं, आज काय केलं तुमच्या पोरांनी?"

सुरुवातीला उत्तर बहुधा 'हरले' असंच असायचं. हा संघ १९६२ मध्ये जन्मला आणि पहिल्याच वर्षी १२० सामने हरला. १९६८ मध्ये दहा संघांत नववा. १९६९ चा पहिला सामना मॉन्ट्रियल एक्स्पोज या अगदी नव्याकोऱ्या संघाशी होता. त्यांचाही तो इतिहासातला पहिलाच सामना. टॉम सीव्हरसारखा पिचर असून मेट्स ११-१० ने हरले. २७ मेपर्यंत हिशेब १८ विजय, २३ पराभव. २८ मेला जेरी कूझमनने १० इनिंग टाकून १५ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, ११व्या इनिंगमध्ये मेट्स १-० ने जिंकले आणि तिथून सलग ११ सामने जिंकत गेले. रोज एक पान लिहिणाऱ्याला ११ विजयांना किती दिवस लागतात ते कळतं. पुस्तकात ते एका ओळीत संपतं.

९ जुलै बुधवार होता, दोन्ही वर्षी. समोर शिकागो कब्ज, मेट्सच्याच गटात अव्वल. सामन्यात बाद करायच्या २७ पैकी पहिले २५ फलंदाज सीव्हरने ओळीने बाद केले. माझ्या कागदावर कब्जच्या बाजूची एकही चौकट बेसपर्यंत गेली नव्हती, नुसत्या बादच्या खुणा. मग नवव्या इनिंगमध्ये एक बाद असताना जिमी क्वॉल्स आला. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी पेन्सिल टेकवायला मन होईना. डाव्या आणि मधल्या क्षेत्ररक्षकांच्या मधून एकेरी फटका. सीव्हरने पुढचे दोघे बाद केले, सामना ४-० ने जिंकला. बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "पुसून टाक ती रेघ." अर्थात पुसली नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ३० जुलैने. त्या दिवशी ह्यूस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर लागोपाठ दोन सामने होते. पहिला १६-३ ने गेला. त्यात नवव्या इनिंगमध्येच ह्यूस्टनने दोन ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर गडी असताना मैदानाबाहेर मारलेले होम रन, मारले. दुसऱ्यातही तिसऱ्या इनिंगला धावांचा पूर आला. डाव्या बाजूला गेलेल्या एका चेंडूनंतर मॅनेजर गिल हॉजेस डगआउटमधून निघाले, पिचरला ओलांडून, शॉर्टस्टॉपला ओलांडून थेट डाव्या क्षेत्रातल्या क्लीऑन जोन्सपर्यंत चालत गेले आणि त्याला घेऊन परत आले. जोन्स तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजांत होता. आणि नोंदीत काय दिसतं? डाव्या क्षेत्रात जोन्सच्या जागी स्वोबोडा. एवढंच. ज्या चालण्याची आजही आठवण काढतात, त्याला स्कोअरकार्डमध्ये खूणच नाही. मी समासात लिहून ठेवलं.

ऑगस्टच्या मध्याला मेट्स कब्जच्या १० सामने मागे होते. तिथून शेवटच्या ४९ पैकी ३८ जिंकले. याला सगळे चमत्कार म्हणतात, मला ते पटत नाही. रोज नावं लिहिताना हॉजेस यांची आखणी डोळ्यांसमोर येते. समोर डावखुरा पिचर असला की क्लेंडेनन, स्वोबोडा, वाइस. उजव्या हाताचा असला की क्रेनपूल, शॅम्स्की, बॉस्वेल. पिचर पाच, म्हणून प्रत्येकाला पुरेशी विश्रांती. कब्जचे मॅनेजर लिओ ड्युरोशर मात्र तीच माणसं रोज उतरवत होते, आणि त्यांच्या मैदानावर दिवे नसल्याने घरचे सगळे सामने भर उन्हात. सप्टेंबरमध्ये एक संघ ताजा होता, दुसरा थकला होता.

१० सप्टेंबरला मेट्स पहिल्या स्थानावर आले. १२ तारखेला पिट्सबर्गमध्ये दोन सामने, दोन्ही १-० आणि दोन्हींतली एकमेव धाव पिचरच्या फटक्यावर: आधी कूझमन, मग कार्डवेल. १५ तारखेला सेंट लुईसच्या स्टीव्ह कार्लटनने १९ स्ट्राइकआउट घेतले तरी मेट्स ४-३ ने जिंकले, कारण स्वोबोडाने दोन होम रन मारले आणि दोन्ही वेळा एक गडी बेसवर होता. २४ तारखेला सेंट लुईसच्याच जो टोरीचा फटका शॉर्टस्टॉपकडे गेला, मी ६-४-३ लिहिलं, आणि गट जिंकला होता.

मग लीगच्या विजेतेपदासाठी ब्रेव्हजविरुद्धचे तीन सामने झटपट संपले. समोर उजव्या हाताचे पिचर, म्हणून क्लेंडेनन तिन्ही सामन्यांत बाकावर. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, बाल्टिमोरचे डावखुरे आले तेव्हा त्याच क्लेंडेननने तीन होम रन मारले आणि मालिकेचा मानकरी ठरला. हंगामात १०९ सामने जिंकलेला तो संघ ४-१ ने हरला. शेवटच्या सामन्यात बरोबरी साधणारा होम रन अल वाइसचा, ज्याच्याकडून कुणी होम रनची अपेक्षाच करत नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस होती, घरात चकलीच्या भाजणीचा वास भरला होता. जोन्सने डाव्या क्षेत्रात शेवटचा झेल घेतला. बाबांनी स्कोअरकार्ड हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं, बेरजा तपासल्या आणि खाली सही केली.

आता मला तोच हंगाम कब्जच्या बाजूने लिहायचा आहे. त्यांच्या एर्नी बँक्सला कारकिर्दीत एकदाही वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली नाही. त्यांचे एप्रिल-मे कसे होते, ते फलंदाज कोणत्या आठवड्यात मंदावायला लागले, हे मेट्सच्या कागदांवरून कळत नाही. कोरी स्कोअरकार्डं मागवली आहेत आणि बाबा पुन्हा मेमध्ये येणार आहेत.