झाडापाशी वीस मिनिटं

जंगलात चालायला म्हणून गेले आणि गाईडनी अडीच तासात जेमतेम एक किलोमीटर चालवलं, पण खरं सांगते, इतकं पोटभर जंगल मी आधी कधी बघितलंच नव्हतं. फॉरेस्ट थेरपी म्हणजे ट्रेक नाही, कुठे पोचायचं नसतं. जपानच्या वनखात्यानी १९८२ मध्ये याला शिनरिन-योकु, म्हणजे वनस्नान असं नाव दिलं, आणि झाडं हवेत जी फायटोनसाईड नावाची द्रव्यं सोडतात त्यांच्यावर तिथे बराच अभ्यास झालाय. आमचा गाईड माहिती सांगत बसला नाही, फक्त म्हणायचा, आता काय काय हलतंय ते बघा, आता एक झाड निवडा आणि त्याच्यापाशी वीस मिनिटं बसा.

बसले. सालीच्या भेगेतून एक मुंगी स्वतःपेक्षा मोठा पंखाचा तुकडा ओढत होती, अडकली की मागे सरकायची, वळसा घालायची, परत ओढायची. बघता बघता एकदम डोळेच भरून आले. बाबा गेल्यापासून मी एक दिवससुद्धा थांबले नव्हते, हे तिथे बसल्यावर कळलं, कोणी काही विचारलं नव्हतं तरी.

शेवटी सगळे गोल करून बसलो, चहा झाला, ज्याला बोलायचं तो बोलला. मी फक्त मुंगीबद्दल सांगितलं.